फडावरच्या मोबाइलवर काय दिसेल: एका संस्थेच्या समाजमाध्यमांच्या प्रकल्प नोंदी

काम: संस्थेचं फेसबुक पान, व्हॉट्सॲप आणि वेबसाइटवरचं लेखन नव्याने बसवणं
ठिकाण: बीड जिल्हा. अंबाजोगाईचं कार्यालय, धारूर आणि वडवणी तालुक्यांतली ऊसतोड कामगारांच्या मुलांची अभ्यासकेंद्रं
नोंदी: संपर्काचं काम पाहणारी अर्धवेळ कार्यकर्ती

२ सप्टेंबर २०२४, सोमवार

आज फक्त किल्ल्या कुणाकडे आहेत ते पाहिलं. फेसबुक पान एका जुन्या स्वयंसेवकाच्या खात्यावरून उघडलेलं आहे, तो आता बंगळूरला नोकरीला. त्याच नावाचं दुसरं पानही सापडलं, त्यावर शेवटची पोस्ट कोविडमधल्या किराणा वाटपाची. इन्स्टाग्रामचा पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही. वेबसाइटचं डोमेन ज्याने साइट बनवली त्याच्या नावावर, आणि तो फोन उचलत नाही. नूतनीकरण नोव्हेंबरात आहे.

छोट्या संस्थांचं हे दुखणं सगळीकडे सारखंच. बँकेच्या खात्याला दोन विश्वस्तांच्या सह्या लागतात आणि जे पान अख्खं जग पाहतं ते एका मुलाच्या मोबाइलवर चालतं. ठरलं ते असं: संस्थेच्या नावाचा एक ईमेल, डोमेन त्यावर. फेसबुक पानावर पूर्ण ताबा असलेली किमान दोन माणसं, त्यातला एक विश्वस्त. दोघांनीही दुहेरी पडताळणी सुरू करायची. हे झाल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही. संस्थेचा कारभार पाहणाऱ्या सरांना वाटलं मी कामाला टाळाटाळ करते आहे.

५ सप्टेंबर, गुरुवार

जुन्या पोस्टी वाचून काढल्या. तीन जाती आहेत. पहिली दिनविशेषाची: थोर पुरुषाचा फोटो, खाली संस्थेचं बोधचिन्ह, कोपऱ्यात अध्यक्ष. दुसरी शाल-श्रीफळाची. तिसरी दयेची: नाक वाहणारं लेकरू, मागे उसाची मोळी, वर लाल अक्षरांत मदतीचं आवाहन.

दिनविशेषाची जात बंद करायची असं मी म्हटलं तर सर म्हणाले, "सगळ्याच संस्था टाकतात. आपण नाही टाकलं तर लोक विचारतील." कोण विचारणार ते मात्र सांगता आलं नाही. आज शिक्षक दिन, तेव्हा सुरुवात आजच केली. बॅनरऐवजी धारूरच्या केंद्रावरच्या ताई संध्याकाळी साडेसहाला काय करतात ते आठ-दहा ओळींत लिहिलं: चौथीतली मुलगी दुसरीतल्या भावाला घेऊन येते, त्याला झोप लागते, मग ताई त्याला पोत्यावर निजवून पाढे सुरू करतात. फोटो पोत्याचा आणि पाटीचा. खाली नेहमीचे अंगठे आलेच, पण एका निवृत्त मुख्याध्यापकांनी विचारलं की केंद्राला पुस्तकं कुठल्या इयत्तेची हवीत. बॅनरखाली कधी कुणी असं विचारलेलं मला सापडलं नाही.

१० सप्टेंबर, मंगळवार

गणपतीचे दिवस. 'लोकसत्ता'चा 'सर्वकार्येषु सर्वदा' उपक्रम याच दिवसांत असतो. दहा संस्था, प्रत्येकीवर एक सविस्तर लेख, आणि वाचक धनादेश पाठवतात. जुने लेख पुन्हा चाळले, कारण आपल्या वेबसाइटवर काय लिहायचं याचा याहून चांगला नमुना मराठीत मला माहीत नाही. त्या लेखांमध्ये संस्था कशी सुरू झाली, आज किती माणसं राबतात, खर्च कशावर होतो आणि नेमकी कशाची गरज आहे हे सगळं एका बैठकीत वाचता येतं. 'सर्वांगीण विकास' आणि 'सक्षमीकरण' हे शब्द काढून टाकले तरी त्या लेखांचं काही अडत नाही. आमच्या 'आमच्याविषयी' या पानातून तेच शब्द काढले तर नुसता पत्ता उरेल.

म्हणजे ओघ असा ठेवायचा: वेबसाइटवर महिन्याला एक लांब, पोटभर लेख. त्याचाच एखादा तुकडा फेसबुकवर. इन्स्टाग्राम सध्या बंद. तिथे मजकुरात दिलेली लिंक दाबताच येत नाही, आणि आमचे देणगीदार बहुतेक साठीच्या पुढचे आहेत. चार ठिकाणी अर्धवट दिसण्यापेक्षा दोन ठिकाणी नीट दिसलेलं बरं.

१६ सप्टेंबर, सोमवार

आजचा दिवस फाँटने खाल्ला. गेल्या अनेक वर्षांचे वार्षिक अहवाल प्रेसमध्ये पेजमेकरवर, श्रीलिपीत बसवलेले आहेत. त्यातला मजकूर उचलून वेबसाइटवर चिकटवला की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची नुसती रांगोळी उमटते. कारण त्या जुन्या फाँटमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःची जागा आहे, म्हणून ते कुठल्याही फोनवर वाचता येतं आणि शोधताही येतं. परिवर्तकाने बराच मजकूर बदलून मिळाला, पण रफार आणि जोडाक्षरं हाताने तपासावी लागली. 'कार्यकर्ते'ची तर पार दैना झाली होती.

यातून एक नियम: मजकूर चित्रात घालायचा नाही. बॅनरवर लिहिलेलं गूगलला कळत नाही, आणि जे अंध वाचक स्क्रीन रीडर वापरतात त्यांना ऐकूही येत नाही. चित्र टाकलंच तर त्याचं वर्णन पर्यायी मजकूर म्हणून द्यायचं. चित्रावर दोन शब्द लागलेच तर 'मुक्त' किंवा 'बलू' हा फाँट वापरायचा. दोन्ही मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या गटाने केलेले, मोफत आणि खुले. वेबसाइटवर भाषा 'मराठी' अशी नोंदवली की, फाँटमध्ये सोय असेल तर, ल आणि श आपल्या वळणाचे दिसतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. सरांच्या हे लक्षात आलं नसतं, पण निवृत्त मुख्याध्यापकांच्या नक्की आलं असतं.

२४ सप्टेंबर, मंगळवार

वडवणीच्या बाजूच्या एका केंद्रावर आयांची बैठक. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या हलायला लागतील. कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी कर्नाटकात. लेकरं आजीजवळ राहणार की सोबत नेणार हे आत्ताच ठरतं, म्हणून ही बैठक दरवर्षी असते. मी फक्त फोटोंबद्दल विचारायला गेले होते.

एक बाई उठल्या. त्यांनी मोबाइलवर आमच्याच पानावरची दोन वर्षांपूर्वीची पोस्ट काढून दाखवली. मुलगा त्यांचा. अंगात फाटका सदरा, खाली ओळ: 'शिक्षणापासून वंचित चिमुकले'. त्यांच्या भावाला ती कराडकडच्या उसाच्या फडावर कुठल्याशा ग्रुपमध्ये दिसली होती. "पोरगं रोज शाळेत जातंय. त्या दिवशी खेळून आलतं म्हणून सदरा फाटला. आम्ही काय भीक मागायलोत का?" बाकीच्या बायका गप्प होत्या, पण मान हलवत होत्या.

मग एका म्हाताऱ्या आजींनी २०१९ सालची आठवण काढली. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर झाली होती, सरकारने चौकशीसाठी समिती नेमली होती. प्रश्न खराच होता आणि बाहेर यायलाच हवा होता. आजी म्हणाल्या, "कॅमेरे आले, विचारून गेले. पुन्हा सोयरीक जुळवायला गेलं की पाव्हणे तेच विचारायचे." बातमी लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मुंबई-पुण्याचा वाचक असणार. जिच्याविषयी लिहिलं ती वाचेल, तिची सोयरीक वाचेल, हे हिशेबात नव्हतं.

परतताना जीपमध्येच वहीत लिहिलं: यापुढे प्रत्येक पोस्ट लिहिताना ती फडावर आईबापाच्या मोबाइलवर उघडणार आहे असं धरायचं. देणगीदार दुसरा वाचक. पहिले ते आईबाप.

२५ सप्टेंबर, बुधवार

ती पोस्ट काढली. तशाच आणखी बऱ्याच काढल्या. सरांनी विचारलं, त्यातल्या एकीवर खूप शेअर होते, तीही? तीही.

२८ सप्टेंबर, शनिवार

संमतीपत्र. जुना फॉर्म एका ओळीचा होता: 'माझ्या पाल्याचे छायाचित्र संस्थेच्या कामासाठी वापरण्यास हरकत नाही.' संस्थेचं काम म्हणजे कपाटातला अहवालही आणि फेसबुकही. एका अंगठ्यात दोन्ही.

नव्यात प्रश्न सुटे केले. अहवालात छापू का? फेसबुकवर टाकू का? चेहरा दिसला तर चालेल का? नाव लिहू का, की बदलून लिहू? आणि नंतर मन बदललं तर कुणाला फोन करायचा, तो नंबर. बऱ्याच आयांना फॉर्म वाचता येत नाही, म्हणून ताई तो वाचून दाखवतील आणि उत्तरं फोनवर ध्वनिमुद्रित करतील. लेकरालाही विचारायचं. आई हो म्हणाली आणि पोरगी तोंड फिरवत असेल तर फोटो नाही.

कायद्याची बाजूही फॉर्मच्या मागे लिहून ठेवली. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने मनाई आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आमची सगळी मुलं त्या व्याख्येत बसत नाहीत. पण ज्यांचं प्रकरण बालकल्याण समितीपुढे आहे त्यांच्या बाबतीत आईच्या संमतीचाही प्रश्न येत नाही: फोटो नाही, नाव नाही, गाव नाही, शाळा नाही. पाठमोरा फोटो टाकून खाली गावाचं नाव लिहिलं तर लपवलं काय?

२ ऑक्टोबर, बुधवार

गांधी जयंती. दान उत्सव, म्हणजे देण्याचा देशभरचा आठवडा, आजपासून ८ तारखेपर्यंत. पैसे मागायची पोस्ट आज गेली, त्याआधी हिशेबनीस भाऊंसोबत सकाळभर बसून कागद नीट केले.

क्यूआर कोड बँकेतून ट्रस्टच्या नावाचा घेतला. आधीचा सरांच्या वैयक्तिक नंबरचा होता. पैसे पाठवताना समोर माणसाचं नाव उमटलं की शहाणा देणगीदार तिथेच थांबतो, आणि थांबावंच. पानावर ट्रस्टचा नोंदणी क्रमांक आणि ८० जीचा, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीचा, क्रमांक ठळक दिला.

दुसरी अडचण अशी की यूपीआयने पैसे येतात तेव्हा फार तर नाव कळतं. आयकर खात्याला दरवर्षी ३१ मेपर्यंत १० बीडी नमुन्यात देणगीदारांची यादी द्यायची असते, त्यात पॅन किंवा तत्सम ओळख क्रमांक आणि पत्ता लागतो. ती यादी भरल्यावरच देणगीदाराला सवलतीसाठी लागणारं १० बीई प्रमाणपत्र निघतं. उशीर झाला तर दिवसाला दोनशे रुपये. मागच्या मे महिन्यात भाऊ लोकांना फोन करकरून पॅन मागत होते, आणि निम्म्यांना तो सायबर भामट्याचा फोन वाटला. आता क्यूआरच्या शेजारीच छोट्या फॉर्मची लिंक आहे. रोख दोन हजारांच्या वर घेतली तर ८० जी मिळत नाही, तेही तिथेच लिहिलं.

पोस्टच्या मथळ्यात मात्र 'करसवलत' टाकली नाही. नव्या करप्रणालीत ८० जीची वजावट मिळत नाही, आणि आता तीच प्रणाली आपोआप लागू होते. ज्यांना सवलत मिळणार नाही त्यांना तिचं आमिष दाखवायचं कशाला? मथळा साधा आहे: एका केंद्राचा हंगामभराचा खर्च, बाबवार. ताईंचं मानधन, खाऊ, वह्या, दिव्याचं बिल. भाऊंनी 'दिव्याचं बिल' खोडून 'विद्युत देयक' केलं होतं. मी पुन्हा दिवा लावला.

७ ऑक्टोबर, सोमवार

न्यू जर्सीहून एका मराठी गृहस्थांचा निरोप. मूळचे लातूरचे, पोस्ट कुणीतरी पुढे पाठवली, बरीच मोठी रक्कम द्यायची इच्छा. वडिलांच्या खात्यावरून यूपीआय करतो म्हणाले. सर खूश.

विचारलं, पासपोर्ट कुठला? अमेरिकेचा. मग नाही. आमच्याकडे एफसीआरए नोंदणी, म्हणजे परकीय देणगी घेण्याची परवानगी, नाही. परदेशी नागरिकाकडून आलेली देणगी रुपयांत आली तरी परकीय देणगीच ठरते, आणि मूळच्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असल्याने त्यात फरक पडत नाही. भारतीय पासपोर्टवर तिकडे राहणारा माणूस आपल्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर ती परकीय धरत नाहीत. नोंदणी असलेल्या संस्थांनाही असा पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या संसद मार्गावरच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो. वडिलांचं खातं पुढे करणं म्हणजे त्यांना आणि आम्हाला दोघांनाही गोत्यात आणणं.

गृहस्थ समंजस निघाले. पैसे नाहीत तर वेळ देतो म्हणाले, वेबसाइटची मोबाइलवरची मांडणी दुरुस्त करून देणार आहेत. आवाहनाखाली ओळ वाढवली: 'सध्या फक्त भारतीय नागरिकांकडून देणगी स्वीकारतो.' पोस्ट एकदा बाहेर पडली की ती एडिसनला पोचते की एरंडोलला, आपल्या हातात नसतं. म्हणून ही ओळ प्रत्येक आवाहनात.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

विधानसभेची घोषणा झाली, आचारसंहिता लागू. ठरवलेल्या पोस्टींपैकी दोन मागे ठेवल्या. एकीत पाण्याच्या टाकीवर लोकप्रतिनिधीचं नाव रंगवलेलं, दुसरीत उद्घाटनाचा फोटो. निकालानंतर पाहू. पानावरून कुणाच्या सभेची पोस्ट शेअर होता कामा नये हे सगळ्यांना सांगितलं. कार्यकर्त्याने स्वतःच्या खात्यावर काय करायचं ते त्याचं त्याने पाहावं, फक्त तिथे 'संस्थेत कार्यरत' असं मिरवलं असेल तर लोक दोन्ही एकच धरतात.

२६ ऑक्टोबर, शनिवार

केंद्रांवरच्या ताईंचं शिबिर. 'ब्लॉग लिहा' म्हटलं तर एकही लिहिणार नाही, आणि लिहिलं तर अहवालाच्या भाषेत लिहिणार: 'सदर दिवशी मुलांनी आनंद व्यक्त केला.' बोलायला लावलं तर त्याच ताई रंगून सांगतात. म्हणून पद्धत अशी: आठवड्यातून एकदा दोन-तीन मिनिटांचा आवाजी निरोप पाठवायचा. काय घडलं, कोण काय म्हणालं, आज काय अडलं. मी तो उतरवून घेणार, नीट करणार आणि त्यांना वाचून दाखवून मगच टाकणार. लेखाखाली नाव ताईंचं. फोनवरचं मराठी बोलून टंकलेखन बरंच कामाचं आहे, फक्त इकडची बोली त्याला झेपत नाही. 'करायलेत' म्हटलं की 'करा लेट' लिहितं.

फोटोंचा सराव घेतला. वही, हात, फळा, चपलांची रांग, वरून घेतलेला डबा. चेहरा दाखवायचाच तर लेकराच्या उंचीला बसून, उभं राहून वरून नाही. वरून घेतलेल्या फोटोत लेकरू कायम काहीतरी मागत असल्यासारखं दिसतं.

एका ताईंनी चांगला प्रश्न काढला: व्हॉट्सॲपवर फोटोचा दर्जा जातो म्हणून त्या डॉक्युमेंट करून पाठवतात, चालेल ना? दर्जासाठी चालेल, पण तसा पाठवला की फोटोच्या पोटातली माहितीही सोबत येते, आणि फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर जागेचे अक्षांश-रेखांशही. तीच मूळ फाइल वेबसाइटवर चढवली तर माहिती तिथेही जाते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन सगळ्यांचं तिथल्या तिथे बंद केलं. मुलींच्या केंद्राचा नेमका पत्ता जगाला कळायचं काही कारण नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळी झाली. कारखान्यांचं गाळप १५ तारखेपासून, मतदान २० ला. मतदानाआधी निघायचं की नंतर यावरून गावागावांत चर्चा, पण उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असली की टोळीच्या मुकादमाचा शब्द मोठा. ट्रॅक्टर भरायला लागलेत.

आईबापांना लेकरांची खबर कशी द्यायची, आजचा दिवस यावर. सरांचं म्हणणं व्हॉट्सॲपवर एक मोठा ग्रुप काढा. ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो. फडावर बाईचा नंबर भलत्याच्या हाती लागला तर काय होतं हे ताईंनी दोन वाक्यांत सांगितलं, सर गप्प झाले. चॅनेलमध्ये नंबर दिसत नाहीत, पण चॅनेल शोधून कुणीही पाहू शकतं. ते देणगीदारांसाठी बरं, लेकरांसाठी नाही. उरली ब्रॉडकास्ट यादी: २५६ जणांपर्यंत जाते, प्रत्येकीला निरोप एकटीला आल्यासारखा येतो आणि तिचं उत्तरही फक्त पाठवणाऱ्याला दिसतं. अट एकच, पाठवणाऱ्याचा नंबर तिच्या फोनमध्ये जतन केलेला हवा. ताईंचा नंबर सगळ्यांकडे आहेच. संस्थेचा नवा नंबर कुणी जतन केला नसता.

म्हणजे आमचं सगळ्यात महत्त्वाचं प्रसारण फेसबुक पानावरून होणार नसून एका ताईंच्या साध्या फोनवरून होणार आहे. त्या फोनच्या रिचार्जचा खर्च अंदाजपत्रकात घातला. भाऊंनी कुरकुर न करता सही केली.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

पहिले निरोप गेले. व्हिडिओ नकोत असं बायकांनीच कळवलं. जुलैत खासगी मोबाइल कंपन्यांनी दर वाढवल्यापासून घरातल्या एकाच फोनवर रिचार्ज होतं, तो नवऱ्याकडे असतो, आणि खोपीवर रेंज धड नसते. आवाजी निरोप हलका, उतरतो पटकन. लेकराचाच आवाज: कविता, आज काय खाल्लं, आजीचा गुडघा. वेळ रात्री आठनंतरची. पहाटे गाडी भरायला गेलेलं माणूस दुपारी फोन पाहत नाही.

एका बापाने उत्तर पाठवलं: "तिला म्हणावं सातचा पाढा चुकला." खरंच चुकला होता, ताईंच्या लक्षात आलं नव्हतं.

३ डिसेंबर, मंगळवार

आज गिव्हिंग ट्यूसडे, म्हणजे दानाचा मंगळवार. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगनंतरच्या मंगळवारी असतो, २०१२ पासून. एका हितचिंतकांनी तयार बॅनर पाठवला. टाकला नाही. आमच्या लोकांना दान आठवतं ते गणपतीत, आईवडिलांच्या वर्षश्राद्धाला, नातवाच्या वाढदिवसाला आणि मार्चअखेरीस. त्या तारखा सांभाळल्या तरी पुष्कळ.

१२ डिसेंबर, गुरुवार

केज तालुक्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांची ९ तारखेला हत्या झाली. केज इथून जवळच. बीडचं नाव घेतलं की आता समाजमाध्यमांवर दुसरं काही दिसत नाही, आणि बघता बघता सगळं जातीवर आलं आहे.

आज एका अगदी निरुपद्रवी पोस्टखाली, चित्रकला स्पर्धेच्या, पहिल्या तीन मुलांची आडनावं वाचून कुणीतरी जात मोजली. 'यांच्याच पोरांना बक्षिसं.' त्याखाली दुसऱ्याने शिवी. पोस्ट मागे घेतली. सर म्हणाले उत्तर देऊ, आमच्याकडे सगळ्या जातींची मुलं आहेत म्हणून सांगू. मी नको म्हटलं. त्या माणसाला उत्तर नको होतं, त्याला चौथीतल्या मुलांच्या नावांवर भांडण हवं होतं.

तीन गोष्टी आजपासून. ठरवून ठेवलेल्या पोस्टी थांबवल्या, जिल्हा शोकात असताना आपोआप 'आनंदमेळावा' बाहेर पडायला नको. टिप्पणी कोण करू शकेल ते पानाच्या सेटिंगमधून मर्यादित केलं. आणि आडनावं कायमची बंद: मुलांची, ताईंची, देणगीदारांचीही. या शेवटच्यावर एक विश्वस्त नाराज आहेत. त्यांच्या आईच्या नावाने दिलेल्या देणगीची पोस्ट यायची होती. ती आईच्या नुसत्या नावाने येईल.

२६ डिसेंबर, गुरुवार

कार्यकारिणीत आकडे मागितले. पोच किती, फॉलोअर किती वाढले. दिले, पण सोबत दुसरा कागदही दिला: पोस्ट वाचून कुणी कुणी फोन केला, फॉर्म भरून देणगी किती जणांनी दिली, पुस्तकं कुठून आली, आणि ब्रॉडकास्टला उत्तर न देणारे पालक कोण. या शेवटच्या यादीवर ताई लगेच कामाला लागतात, कारण उत्तर नसणं म्हणजे फोन बिघडला, कुणी आजारी आहे किंवा टोळी दुसऱ्या कारखान्यावर हलली. अंगठ्यांच्या आकड्यावर आजवर कुणी काही केल्याचं मला दिसलं नाही.

पैसे देऊन पोस्ट पुढे ढकलायची सूचना आली. नको म्हटलं. एका विश्वस्तांच्या भाच्याने ट्रेंडिंग गाण्यावर मुलींचा रील करायचं सुचवलं आहे. बायकांची बैठक आठवा एवढंच मी म्हणाले, तर सर स्वतःच म्हणाले, "नको, नको."

४ जानेवारी २०२५, शनिवार

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या नियमांचा मसुदा काल आला. कायदा ऑगस्ट २०२३ मधला, नियम अंतिम व्हायचे आहेत, हरकती १८ फेब्रुवारीपर्यंत. अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हे मूळ कायद्यातच आहे. आमची ध्वनिमुद्रित संमती त्या दृष्टीने बरी, पण ती मुद्रणं सध्या ताईंच्या फोनमध्ये पडून आहेत. फोन हरवला तर संमती गेली आणि आवाजही गेले. संस्थेच्या ड्राइव्हवर, मोजक्या लोकांना दिसेल अशा फोल्डरमध्ये हलवायला घेतलं. केंद्र सोडून गेलेल्या मुलांची माहिती किती काळ ठेवायची ते ठरायचं आहे.

१३ जानेवारी, सोमवार

लांब लेख तयार झाला: एका कोयत्याचा हंगाम. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल मिळते ती जोडीला. लेखात उचल कशी फिटते, फिटली नाही तर पुढच्या वर्षावर कशी जाते, जानेवारी २०२४ मध्ये ठरलेली तोडणी दरातली ३४ टक्के वाढ, आणि या सगळ्यात लेकराची शाळा नेमकी कुठल्या महिन्यात सुटते, हे सगळं आलं आहे. माहिती ज्या बाईंची, त्या सध्या सांगली जिल्ह्यात आहेत. ताईंनी रात्री फोनवर त्यांना पूर्ण लेख वाचून दाखवला.

त्यांनी दोन बदल सांगितले. मुकादमाला मी 'पिळवणूक करणारा' लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, मुकादम त्यांचाच मावसदीर आहे, कारखान्याचे पैसे त्याच्याही अंगावर आहेत, तो लेख वाचणार आणि पुढच्या वर्षी त्यांना त्याच्याच टोळीत जायचं आहे. ते वाक्य काढून त्या जागी पैसा कारखान्याकडून मुकादमाकडे आणि मुकादमाकडून जोडीकडे कसा येतो एवढंच लिहिलं. लेख आधीपेक्षा जास्त टोचतो आता. दुसरा बदल: मुलगा शाळेत चित्रकलेत पहिला आला, ते घाला. घातलं.

सकाळी लेख वेबसाइटवर गेला, शेवटचा तुकडा फेसबुकवर, पूर्ण लेख ताईंच्या आवाजात ब्रॉडकास्टवर. न्यू जर्सीच्या गृहस्थांनी मोबाइलवरची मांडणी झाल्याचं कळवलं आहे, तपासायची आहे. डोमेन डिसेंबरात एकदाचं संस्थेच्या नावावर आलं. इन्स्टाग्रामचं जुनं खातं अजून अडकलेलंच आहे. भाऊंकडे देणगीदारांच्या फॉर्मची यादी दिली, ज्यांचे पॅन अपुरे आहेत त्यांना फेब्रुवारीत संस्थेच्या ईमेलवरून पत्र जाईल. संक्रांतीची पोस्ट करायची का, असं सरांनी विचारलं. धारूरच्या ताईंनी लेकरांनी केलेल्या तिळाच्या वड्यांचा फोटो पाठवला आहे. तो टाकते.